चार्जिंग मध्येच जातं, मध्येच येतं: कोकणातल्या जुन्या गाड्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणात उभी असलेली मारुती ८००, बाजारहाटाची ओम्नी, वाडीतल्या रस्त्यावर अजून राबणारी कमांडर किंवा सुमो, मासळीचा टेम्पो. या गाड्यांचं इंजिन ठणठणीत असतं आणि मालकाचा जीव त्यांच्यात अडकलेला असतो. अशी गाडी एका पावसाळ्यात तीनदा सेल्फ घेत नाही. मग बॅटरी बदलली जाते, अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारा भाग) बदलला जातो, आणि महिन्याभरात पुन्हा तेच. पुढचे प्रश्न अशाच मालकांचे आणि चालकांचे आहेत. उत्तरांमागे एकच आग्रह आहे: येणारा-जाणारा बिघाड तो असतानाच मोजायचा, आणि समुद्रकाठच्या गाडीत महागड्या भागाच्या आधी जोडांवर संशय घ्यायचा.

बॅटरी खराब आहे की चार्जिंग, हे सगळ्यात आधी कसं ठरवू?

एक डिजिटल मल्टीमीटर घ्या. साधा चालेल. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी दार किंवा बॉनेट उघडल्यानंतरचे दिवे विझले की बॅटरीच्या दोन्ही शिशाच्या खुंट्यांवर मोजा. १२.६ व्होल्ट किंवा थोडं जास्त असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळजवळ उतरलेली. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरवर नजर ठेवा. भरलेल्या बॅटरीचा आकडा सेल्फ मारताना १० च्या खाली सहसा जात नाही, ९.६ च्याही खाली कोसळला तर बॅटरीचा जीव संपत आलाय. इंजिन चालू झाल्यावर जरा रेस दिली की १३.८ ते १४.५ दिसायला हवं.

बुचं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (आतल्या ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही घरं तपासा. एका घराचा आकडा बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल, तर त्या बॅटरीला कितीही चार्ज करा, ती तुम्हाला दगा देणारच.

एक फसवा प्रकार लक्षात ठेवा. बॅटरीच्या आत दोन घरांना जोडणारी पट्टी तडकली की मीटरवर १२.६ दिसतं, पण सेल्फ मारला की सगळे दिवे एकदम गुल. बॉनेटवर हात आपटला किंवा गाडी ढकलली की पुन्हा सुरू. लोक याला चार्जिंगचा बिघाड समजतात. पण आधी टर्मिनलचे क्लॅम्प घट्ट आणि स्वच्छ करून बघा, कारण सैल क्लॅम्पही हुबेहूब असाच वागतो. क्लॅम्प नीट असूनही असं होत असेल तरच बॅटरी बदला.

गॅरेजमध्ये नेली की चार्जिंग अगदी बरोबर दाखवते. मग दोष कुठे शोधायचा?

ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि ती खरी असते. "काल बरी होती, आज काय झाला?" असं विचारत माणूस गाडी घेऊन येतो, तेव्हा इंजिन निम्मं थंड झालेलं असतं, पाऊस थांबलेला असतो, गाडी सपाट जमिनीवर उभी असते. ज्या परिस्थितीत बिघाड होतो ती परिस्थिती गॅरेजात नसतेच. अशा वेळी मिस्त्री प्रामाणिक असला तरी अंदाजाने भाग बदलण्यापलीकडे त्याच्या हातात काही उरत नाही.

म्हणून मीटर गाडीत बसवा. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो पुरतो. तो बॅटरीपेक्षा ०.२-०.३ व्होल्ट कमी दाखवू शकतो, म्हणून पहिल्याच दिवशी बॅटरीवरचा आकडा आणि त्याचा आकडा ताडून फरक लिहून ठेवा. सॉकेट नसेल तर बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवरून दोन बारीक वायरी आत घ्या. पॉझिटिव्हच्या वायरीला बॅटरीजवळच १ अँपिअरचा फ्यूज लावायला विसरू नका, नाहीतर वायर घासून तुटली की आग लागेल.

मग रोजच्यासारखी गाडी चालवा आणि डॅशबोर्डात एक वही ठेवा. आकडा १३ च्या खाली गेला की गाडी बाजूला घेऊन लिहा: किती वाजले, पाऊस होता का, काय काय चालू होतं, इंजिन किती वेळ चाललेलं होतं, नुकताच मोठा खड्डा लागला का, चढ होता का, दिवा लागला का. चार-सहा नोंदी झाल्या की आकार दिसू लागतो. खड्ड्यानंतर जातं आणि पुढच्या खड्ड्याला परत येतं, तर जोड किंवा कार्बन (अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे). सुरुवातीची काही मिनिटं आणि मुसळधार पावसात जातं, तर बेल्ट. तासभर चालल्यावर जातं आणि चहा पिऊन निघालं की परत येतं, तर गरम झाल्यावर सुटणारा भाग. ही वही कुठल्याही वायरमनपुढे ठेवा. त्याचं अर्धं काम तुम्ही केलेलं असेल.

बिघाड चालू असताना सापडला. आता नेमकं काय मोजू?

इथे घाई करू नका आणि इंजिन बंद करू नका. बंद केलं की बिघाड पळून जाऊ शकतो. गाडी सुरक्षित जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, साडीचा पदर, ओढणी, पंचा, सैल बाही पंख्यापासून दूर ठेवा.

पहिलं माप बॅटरीच्या खुंट्यांवर. समजा १२.१ आलं.

दुसरं माप अल्टरनेटरवरच. मीटरची लाल काडी त्याच्या मागच्या जाड वायरीच्या बोल्टला, काळी काडी अल्टरनेटरच्या अंगाला, गंज नसलेल्या जागी. लाल काडी एकाच वेळी बोल्टला आणि अंगाला टेकू देऊ नका. हे माप सगळ्या शोधाचं मर्म आहे. इथे १४ च्या वर आलं, तर अल्टरनेटर वीज तयार करतोय, ती बॅटरीपर्यंत पोचत नाही. अल्टरनेटर खोलायचं कारणच नाही. अनेक चांगले अल्टरनेटर याच टप्प्यावर न मोजल्यामुळे भंगारात गेले आहेत.

मग वाट कुठे तुटली? वाटा दोनच आहेत. जाण्याची वाट जाड लाल वायरीतून, परतीची वाट अल्टरनेटरच्या अंगातून, इंजिनातून, अर्थच्या (इंजिन, बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह जोडणाऱ्या) पट्टीतून. हेडलाइट, वायपर, ब्लोअर चालू ठेवा आणि इंजिन १५०० ते २००० फेऱ्यांवर कुणाला तरी धरून ठेवायला सांगा. आता एक काडी अल्टरनेटरच्या बोल्टला आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीला, म्हणजे क्लॅम्पला नव्हे, आतल्या शिशाच्या खुंटीला. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. त्याहून जास्त आलं की या वायरीत, तिच्या लगमध्ये (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीत), मधल्या जाड फ्यूजमध्ये किंवा क्लॅम्पमध्ये अडथळा. नंतर एक काडी अल्टरनेटरच्या अंगाला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला. इथे ०.१ ते ०.२ च्या आत हवं.

हे आकडे क्षुल्लक वाटतात, पण ३० अँपिअर जात असताना एका जोडात ०.९ व्होल्ट पडले तर त्या एका जोडावर २७ वॅट उष्णता तयार होते. तो नट तापतो, पसरतो, थंड झाल्यावर आकसतो, आणखी सैल होतो. येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडांपैकी कितीतरी याच चक्रातून जन्मतात. म्हणून इंजिन बंद केल्याकेल्या जोडांजवळ हात नेऊन बघा. एखादी लग चटका देत असेल किंवा तिचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल तर शोध संपला.

दुसऱ्या मापातही १२.१ च आलं, तर अल्टरनेटर वीज तयार करत नाही. तरीही लगेच तो काढू नका. बेल्ट घसरतोय का बघा. मग त्याच्या बारीक वायरींचा कपलर (जोडणीचा प्लग) बघा. आतल्या रोटरला (फिरणाऱ्या भागाला) चुंबक बनवायला बाहेरून थोडी वीज द्यावी लागते. ती इग्निशनच्या फ्यूजमधून किंवा डॅशबोर्डावरच्या चार्जिंगच्या दिव्यातून येते. ती वायर वाटेत कुठे मोडली की धडधाकट अल्टरनेटरही गप्प बसतो. इथे मीटरपेक्षा टेस्ट लॅम्प (वायरी जोडलेला साधा बल्ब) भरवशाचा. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, दिवा मात्र मिणमिणतो. वीज येत असेल आणि तरी चार्जिंग नसेल, तर स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने अल्टरनेटरच्या मागच्या अंगावर हलकेच ठोका. चार्जिंग परत आलं, तर कार्बन अडकताहेत किंवा संपलेत.

असले बिघाड घाटावरच्या गाड्यांपेक्षा आपल्याकडे जास्त का?

हवेतलं मीठ आणि दमटपणा. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ धातूवर बसतं, ते हवेतली ओल धरून ठेवतं, आणि तांबं-शिसं-लोखंड एकत्र आलेल्या प्रत्येक जोडावर सावकाश गंज चढतो. त्यात जून ते सप्टेंबर ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. उन्हाळ्यात जांभ्याची लाल धूळ कपलरमध्ये शिरते, पावसात तिचा चिखल होतो.

सगळ्यात फसवी गोष्ट वायरीच्या आत घडते. वरचं प्लॅस्टिक अगदी नव्यासारखं दिसतं, आतलं तांबं मात्र लगपासून वीतभर आतपर्यंत काळं-हिरवं झालेलं असतं. वायर वाकवून बघा. टोकाशी ती ताठ लागली, किंवा वाकवताना आत कुरकुर झाली, तर प्लॅस्टिक सोलून बघा. तांबं लखलखीत दिसेपर्यंत मागे कापा, नवी लग दाबून बसवा, वरून हीट श्रिंक नळी चढवा. काळ्या तांब्यावर सोल्डरचा डाग धरत नाही, म्हणून तिथेच डाग देऊन वेळ मारून नेऊ नका.

मासळी वाहणाऱ्या टेम्पोंचं आणखी वेगळं. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून गळून चेसिसवरच्या अर्थच्या बोल्टवर ठिबकतं. या गाड्यांत अर्थचा बोल्ट दर पावसाळ्याआधी खोलून घासावाच लागतो.

अर्थ खराब झाल्याची लक्षणं कोणती?

हेडलाइट लावला की तापमानाचा काटा हलतो. इंडिकेटर दिला की दुसरा एखादा दिवा त्याच्या तालावर मिचकावतो. सेल्फ कधी जोरात, कधी मरगळलेला. आणि एक लक्षण फारच बोलकं: सेल्फ मारल्यावर क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम लागते. इंजिन आणि बॉडी यांच्यातली अर्थची पट्टी तुटली की सेल्फचा सगळा प्रवाह परत जायला वाट शोधतो आणि त्या केबलमधून जातो. केबल आतून जळते, अडकते, आणि मग लोक केबल बदलत बसतात.

खात्रीसाठी जंपर केबलची एक बाजू बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला तात्पुरती जोडा. लक्षणं गेली तर अर्थच दोषी. पट्टी बदलताना बोल्टखालचा रंग आणि गंज घासून चकचकीत लोखंड काढा, घट्ट आवळा, आणि आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्या.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी येते. काय करू?

आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. पाणी बॅटरीच्या घरांत जाऊ देऊ नका. खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने घासून कोरडी करा. बसवताना पॉझिटिव्ह आधी. बुरशी फक्त एकाच खुंटीवर आणि सारखी येत असेल, तर त्या खुंटीपाशी ॲसिड झिरपतंय किंवा जास्त चार्जिंग होतंय, तेही तपासा.

चार्जिंगचा दिवा लागत नाही, म्हणजे सगळं ठीक ना?

नाही. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, दिवा लागलाच पाहिजे. तो तेव्हाही लागत नसेल तर बल्ब गेलाय किंवा त्याची वायर तुटली आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत याच बल्बमधून अल्टरनेटरला सुरुवातीची वीज मिळते. बल्ब गेला की आयडलिंगला चार्जिंग सुरूच होत नाही, जोरात रेस दिली की कधीकधी होतं. मालकाला वाटतं, चार्जिंग लहरी आहे. बिघाड त्या छोट्या बल्बचा असतो.

गाडी चालू असताना दिवा अगदी मंद मिणमिणत असेल तर जाड वायरीत अडथळा आहे किंवा अल्टरनेटरमधला एखादा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलाय. दिव्याच्या एका बाजूला अल्टरनेटर, दुसऱ्या बाजूला बॅटरी. दोन्हींत एखाद-दुसरा व्होल्ट फरक पडला की तो मंद पेटतो. दिवसा हे दिसतच नाही. अंधारात हाताचा आडोसा करून बघा. किल्ली काढल्यावरही दिवा मंद पेटलेला असेल तर डायोड आतून शॉर्ट आहे आणि बॅटरी रात्रभर उतरते आहे.

पावसात सकाळी बेल्ट किंचाळतो आणि दिवा लुकलुकतो. बेल्ट ताणला की झालं का?

कधीकधी होतं. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबला पाहिजे. पण बेल्टच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर ताणून उपयोग नाही. जुन्या व्ही आकाराच्या बेल्टचं एक परीक्षण साधं आहे: पुलीच्या खाचेचा तळ बघा. तळ घासून चमकत असेल तर झिजलेला बेल्ट तळाला टेकतोय, कडांना त्याची पकड राहिलेली नाही. बेल्ट नवा घ्या. आणि किंचाळू नये म्हणून भलताच ताणू नका. अल्टरनेटरचं आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जाईल.

संशय पक्का करायचा असेल तर कोरड्या दिवशी झाडांवर फवारायच्या बाटलीने चालू बेल्टवर लांबून गोड्या पाण्याचा बारीक फवारा मारा आणि मीटर बघा. आकडा पडला तर बेल्ट.

तासभर चालल्यावर आकडा १४.३ वरून १३.७ वर येतो. हा बिघाड आहे का?

नाही. बॅटरी भरत आली आणि रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) तापला की व्होल्टेज थोडं खाली येणं ठरलेलंच आहे. १३.५ च्या वर स्थिर असेल तर निश्चिंत राहा. बिघाड असतो तेव्हा आकडा एकदम पडतो: १४ वरून १२.३, आणि मग हळूहळू १२.१, १२.०. हे फक्त गरम इंजिनाला होत असेल तर रेग्युलेटरमधला सुटत आलेला जोड किंवा रोटरच्या गुंडाळीतली बारीक तूट असते. गरम झाली की ती उघडते, थंड झाली की मिटते. अल्टरनेटर गरम असतानाच काढून दोन्ही स्लिप रिंगांमधला (कार्बन टेकतात त्या कड्यांमधला) रेझिस्टन्स मोजायला सांगा. साधारण ३ ते ५ ओहम येतो. थंड झाल्यावर मोजला तर तो बरोबरच दिसेल आणि तुम्ही पुन्हा सुरुवातीला याल.

माझी जुनी डिझेल गाडी आहे. चार्जिंग गेलं की ब्रेकही कडक लागतो असं वाटतं. भास आहे का?

भास नाही, आणि हा प्रश्न या पानावरचा सगळ्यात गंभीर आहे. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे, त्याच शाफ्टवर बसवलेला असतो. बेल्ट घसरला किंवा तुटला की चार्जिंगबरोबर ब्रेकची मदतही जाते. ब्रेक लागतो, पण पायाचा सगळा जोर घालावा लागतो. कुंभार्ली, आंबा किंवा करूळ घाट उतरताना चार्जिंगचा दिवा लागला तर आधी लहान गिअरमध्ये या, ब्रेकचा अंदाज घ्या, आणि पहिल्या रुंद जागी थांबा. बॅटरीची काळजी नंतर.

याच पंपामुळे चार्जिंगचा एक वेगळा बिघाड होतो. पंपाला इंजिनचं ऑइल जातं. त्याचं सील झिजलं की ऑइल अल्टरनेटरमध्ये शिरतं, कार्बन आणि स्लिप रिंग तेलकट होतात, चार्जिंग तुटक होतं. नवे कार्बन घातले की महिनाभर ठीक, पुन्हा तेच. अल्टरनेटरच्या खालच्या भोकांतून काळं तेल गळत असेल तर सील बदलल्याशिवाय कार्बनला हात लावू नका.

पेट्रोल गाड्यांतही एक धोका आहे. बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंप फिरतो. चार्जिंगचा दिवा लागला आणि त्याच वेळी तापमानाचा काटा वर गेला तर ताबडतोब थांबा.

आमचे मिस्त्री चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून बघतात. इंजिन चालत राहिलं तर अल्टरनेटर चांगला म्हणतात. बरोबर आहे का?

कृपा करून हे करू देऊ नका. पूर्वी डायनामोच्या (अल्टरनेटरच्या आधीच्या जनरेटरच्या) गाड्यांवर ही रीत चालून गेली. अल्टरनेटरमध्ये डायोड आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असतो. चार्जिंग चालू असताना बॅटरी अचानक सुटली की क्षणभर व्होल्टेज कित्येक पटींनी उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, गाडीत इंजिनचा कॉम्प्युटर असेल तर तोही जळू शकतो. शिवाय चार्ज होणाऱ्या बॅटरीभोवती हायड्रोजन असतो. तिथे ठिणगी पडणं घातक. आणि एवढं करून परीक्षेतून काही कळतही नाही, कारण अर्धवट चाललेला अल्टरनेटरही इंजिन चालू ठेवतो. मिस्त्रींना प्रेमाने सांगा, "दादा, मीटर लावून बघूया." बहुतेक जण ऐकतात.

रात्री सगळं लावलं की दिवे मंदावतात, दिवसा काहीच त्रास नाही.

बेरीज करून बघा. ६० वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे १० अँपिअर. धुक्यासाठी लावलेले जादा दिवे, वायपर, ब्लोअर, टेप, मोबाइलचा चार्जर धरून २५ अँपिअर सहज होतात. छोट्या जुन्या गाड्यांचे अल्टरनेटर साधारण ३५ ते ५५ अँपिअरचे, आणि आयडलिंगला ते याच्या निम्मंही देत नाहीत. फेरीबोटीच्या रांगेत दाभोळला किंवा जयगडला सगळं चालू ठेवून अर्धा तास इंजिन घुमवलं तर बॅटरी उतरते. यात बिघाड काहीच नाही. हेडलाइटमध्ये १०० वॅटचे बल्ब घातले असतील तर तेच १६-१७ अँपिअर होतात. ते काढा आणि हेडलाइटला वेगळा रिले (छोट्या प्रवाहाने चालणारा मोठा स्विच) लावून जाड वायर द्या. तेवढ्यानेच उजेड वाढतो.

रेस देऊनही १३ च्या वर जात नसेल, तर मात्र एखादा डायोड गेला असण्याची शक्यता मोठी. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या खुंट्यांवर मोजा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर डायोड तपासून घ्या. रेडिओत इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येत असेल तर तीही याचीच खूण.

बल्ब सारखे उडतात, बॅटरीचं पाणी लवकर आटतं.

जास्त चार्जिंग. आकडा कधीतरी १५ च्या वर जातोय. अँबॅसिडर, पद्मिनी किंवा जुन्या जीपला वेगळा रेग्युलेटर असतो, ज्याला आपल्याकडे सरसकट कट-आऊट म्हणतात. त्याचे बॉडीला बसवलेले स्क्रू गंजले की त्याचा अर्थ तुटतो, त्याला व्होल्टेज खरं आहे त्यापेक्षा कमी भासतं, आणि तो अल्टरनेटरला आणखी पिटाळतो. नवा रेग्युलेटर आणण्याआधी जुन्याचे स्क्रू काढा, घासा, बसवा, पुन्हा मोजा.

गणपतीनंतर गाडी शेडमध्ये उभी राहते. शिमग्याला आलो की बॅटरी मेलेली. चार्जिंगचाच दोष ना?

बहुतेक वेळा नाही. घड्याळ, अलार्म, टेप मिळून ५० मिलिअँपिअर घेत असतील तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, महिन्याला ३६. म्हणजे ३५ अँपिअर-तासाची बॅटरी महिन्यात रिकामी. इतके महिने उभी ठेवायची तर निगेटिव्ह काढूनच ठेवा. आणि बॉनेट उघडल्यावर वायरी नीट बघा. शेडमधल्या उंदरांना इंजिनजवळचा आडोसा आवडतो आणि त्यांनी कुरतडलेली वायर पुढे महिनोन् महिने लहरी बिघाड देते.

आठ दिवसांत उतरत असेल तर गळती मोजा. निगेटिव्ह केबल काढून तिच्या आणि खुंटीच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका. ५० मिलिअँपिअरच्या बरंच वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. सगळे फ्यूज काढूनही गळती तशीच राहिली तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून बघा. ती सोडवताना बॅटरी काढलेली हवी आणि पुन्हा मोजताना तिचं टोक कापडात गुंडाळलेलं हवं. गळती थांबली तर डायोड गळतोय. रात्रभर बंद असलेल्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला, तर तीही याचीच खूण.

गाडी पुराच्या किंवा समुद्राच्या पाण्यात गेली होती.

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर असंख्य गाड्या धुऊन-पुसून पुन्हा चालू झाल्या, पण अल्टरनेटरच्या आतला गाळ तसाच राहिला तर चार्जिंग काही महिन्यांनी कुरकुरायला लागतं. पाण्यात गेलेला अल्टरनेटर आणि सेल्फ चालत असले तरी खोलून साफ करून घ्या, बेअरिंग बदला, आणि खालच्या बाजूचे सगळे कपलर उघडून वाळवा. पुळणीवर ओल्या वाळूत गाडी नेली असेल तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. अल्टरनेटरवर प्रेशरचा फवारा मात्र मारू नका.

वाटेत चार्जिंग गेलं तर किती लांब जाऊ शकतो?

दिवसा, दिवे-वायपर बंद असताना, चांगल्या बॅटरीवर पेट्रोल गाडी बराच वेळ चालते, कारण इग्निशनला काही अँपिअरच लागतात. रात्री पावसात २० अँपिअर जात असतील आणि ३५ अँपिअर-तासाची बॅटरी अर्धीच भरलेली असेल तर तासभरही मिळणार नाही, आणि दिवे त्याआधीच मंद होतील. घाट पुढे असेल तर जाऊ नका. जवळच्या गावात थांबा. ब्लोअर आणि टेप बंद करा, पण वीज वाचवायला हेडलाइट आणि वायपर बंद करू नका.

अल्टरनेटर नवा घ्यावा की दुरुस्त करावा?

कार्बन, रेग्युलेटर, बेअरिंग, डायोड प्लेट हे भाग सुटे मिळतात आणि जाणत्या माणसाच्या हातून बदललेला मूळ अल्टरनेटर स्वस्तातल्या अनोळखी नव्यापेक्षा जास्त टिकतो, असं माझं ठाम मत आहे. होल्डरच्या बाहेर कार्बन साधारण ५ मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल तर बदला. स्लिप रिंगवर खोल चरा असेल तर नुसते नवे कार्बन टिकणार नाहीत. गुंडाळी जळून काळी पडली असेल, आतून जळका वास येत असेल, तर रिवायंडिंगच्या भानगडीत न पडता बदलणं बरं. काढलेले भाग परत मागून घ्या आणि बघा.

दुरुस्ती खरंच झाली हे कसं ओळखू?

ज्या परिस्थितीत बिघाड होत होता, त्याच परिस्थितीत पुन्हा मोजून. गरम झाल्यावर जात असेल तर तासभर चालवून. पावसात जात असेल तर पावसात. वहीतली जुनी नोंद समोर ठेवा आणि तोच रस्ता, तेच दिवे, तोच चढ घ्या. सगळं लावून रेसवर बॅटरीच्या खुंट्यांवर १३.५ च्या वर, पॉझिटिव्ह वाटेवर ०.३ च्या आत, अर्थच्या वाटेवर ०.२ च्या आत. हे तीन आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवा. मे महिन्याच्या शेवटी, पहिला पाऊस पडण्याआधी, तेच तीन पुन्हा मोजा. एखादा वाढलेला दिसला तर तो जोड तेव्हाच खोलून घासा; गाडी अजून चालत असेल, आणि वायरमनकडेही गर्दी नसेल.